भर रस्त्यातला कोहळा

आई,

गेल्या शुक्रवारी, खंडेनवमीच्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बंगलोरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका माणसाने मला सायकलवरून पाडलं. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण पडल्यावर मी आधी मनगटावरच्या घड्याळाची काच शाबूत आहे का ते पाहिलं. तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुझ्याकडे तक्रार लिहून पाठवणं हे काही शहाण्या बाईचं लक्षण नव्हे, हे मला कळतं. पण इथे ज्यांच्याकडे तक्रार न्यावी ते सगळे मला बसायला खुर्ची देतात आणि विषय संपवतात. आणि येत्या रविवारी तुझा नातू टेम्पो घेऊन माझी सायकल न्यायला येणार आहे. त्याच्या कारखान्याच्या वॉचमनला द्यायची म्हणतो.

इथे खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात. पुण्यात तू पाटावर तुझी कात्री आणि चिमटे मांडायचीस, उकळून पुसलेले, आणि पाटाशेजारी सायकल. तिच्या हँडलला झेंडूची माळ. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून बाळंतपणाचं बोलावणं आलं की आरती अर्धी टाकून तू माळेसकट निघायचीस, आणि रस्त्यात लोक म्हणायचे, आज नर्सबाईंची वरात. इथे पूजा मोटारींची. गेल्या चार-पाच वर्षांत मोटारी इतक्या वाढल्यात की आमच्या गल्लीत सावली माणसांना मिळत नाही, झाडाखाली आधीच कुणाची तरी गाडी उभी असते. तर या गाड्यांना दृष्ट लागू नये म्हणून कुंकू भरलेला कोहळा त्यांच्यावरून ओवाळायचा आणि भर रस्त्यात आपटून फोडायचा. मग चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडायची. कोहळ्याचा गर तसाच पडून राहतो आणि दिवसभर त्यावरून स्कूटरवाले, सायकलवाले घसरत राहतात. मोटारीची दृष्ट उतरते खरी, पण उतरून कुठे जाते हे कोणी बघत नाही.

मी भाजी घेऊन येत होते. कोहळा नुकताच फुटला होता. मालक नव्या गाडीत बसलेला, बायको आरतीचं ताट घेऊन उभी, आणि सगळ्यांचे डोळे त्या चार लिंबांवर. मी घंटी वाजवली. त्याने रस्त्याकडे न बघता गाडी पुढे घेतली. मी सायकल वळवली ती थेट कोहळ्यात, आणि चाक निघून गेलं माझ्या खालून. उठून पाहते तर पांढऱ्या साडीला कुंकवाचा चिखल. एक बाई रक्त रक्त म्हणून किंचाळली, तेव्हा मीच तिला म्हटलं, बाई गं, रक्त नाही, तुमचा देवच लागलाय.

आणि मग, आई, काहीच झालं नाही. माझी तक्रार ती ही. तो माणूस उतरला, हात जोडले, "अय्यो, सॉरी आंटी, पूजा आंटी, सॉरी" म्हणाला. मी त्याला विचारलं, गाडी हलवताना रस्त्याकडे कोण बघणार, तुझी सासू? हे मी मराठीत विचारलं, कारण राग मला अजून मराठीतच येतो. त्याला अर्थातच कळलं नाही. मग मी कॉन्व्हेंटचं इंग्रजी काढलं, त्या सिस्टर्सनी आवाज न चढवता माणसाला कापायला शिकवलं होतं ते, तर तो आणखीच मऊ झाला, "यू आर राइट मॅम." कन्नडमध्येही सांगून पाहिलं. तोवर कोणी खुर्ची आणली होती, कोणी शहाळं. त्याच्या बायकोने माझ्या हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी दिली. आणि समोरच्या दुकानातले अण्णा, जे मला वीस वर्षं ओळखतात, ते अगदी मायेने म्हणाले, "अज्जी, ई वयस्सिनल्लि सैकल याके?" या वयात सायकल कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या गाडीवाल्यानेही डोलावली! त्याला कोणी विचारलं नाही की तू न बघता गाडी का हलवलीस. मला विचारलं, तुम्ही सायकलवर का होता.

तुला आठवतं, लक्ष्मी रोडच्या तोंडाशी त्या डॉक्टरच्या मोटारीने तुला पाडलं होतं? मी कॅरियरवर होते, दहा वर्षांची. डबलसीटला बंदी असल्यामुळे पोलीस दिसला की मला खाली उडी मारायची सवय, म्हणून मी उडी मारून सुटले आणि तू पडलीस. डॉक्टर खाली उतरला तोच ओरडत. "वळताना हात दाखवायचा असतो, बाई!" तू रस्त्यात बसल्या बसल्या म्हणालीस, "दाखवला होता. डोळे काय पेशंटच्या घरी विसरलात?" मग काय विचारता. टांगेवाला तुझ्या बाजूने, पानवाला डॉक्टरच्या बाजूने. सायकलवाले थांबून राहिले, एकेकाने आपापला पाय टेकवून साक्ष दिली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हात दाखवला हे खरं, पण उशिरा दाखवला. तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही तेवढं वेळेवर बघितलंत का?" डॉक्टर शेवटी हसला. चाक वाकलं होतं. टांगेवाल्याने सायकल टांग्यात घातली आणि पैसे घेतले नाहीत, डॉक्टरच्या नावाने चार शिव्या मात्र फुकट दिल्या. अर्धा तास भांडण चाललं, आणि त्या अर्ध्या तासात एका माणसाने, आई, एकानेही, बाईमाणूस सायकलवर कशाला, असं विचारलं नाही. चूक कोणाची एवढाच प्रश्न होता. त्यात तूही एक पक्ष होतीस.

पुणं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. रस्त्यावर तुला बघून शीळ घालणारे होतेच, आणि एकाला तू घंटी काढून मारली होतीस तेही मला आठवतं. शिवाय ते पुणं आता पुण्यातही नाही. मागच्या वर्षी मावशीच्या नातवाच्या लग्नाला गेले तर कर्वे रोड ओलांडायला मला एका पोराचा हात धरावा लागला. सगळ्या स्कूटरी. सायकलचं दुकान होतं तिथे सीट कव्हरं शिवून मिळतात. भांडतात मात्र अजून, पण पळत्या गाडीवरून, अर्धं वाक्य तुमच्या अंगावर टाकून. उत्तर द्यायला माणूस थांबतो कुठे!

आणि बंगलोर तेव्हा वाईट नव्हतं. लग्न होऊन इथे आले आणि एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट लागले, तेव्हा पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की सगळा रस्ता सायकलींनी भरून जायचा. शेकडो पुरुष आणि मध्ये मी एकटी, पदर खोचून. माझ्याभोवती ते आपसूक जागा सोडायचे. चढावर माझी दमछाक झाली की मागून कोणीतरी म्हणायचं, "होगी अक्का, होगी," चला, चला. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. तेव्हा वाटायचं, बोलायला कोणी नाही या गावात. आता वाटतं, तेवढं बोलणं पुष्कळ होतं. ती माणसं पुढे मोपेडवर गेली, काही रिटायर झाली, काही गेली. तुझा जावईही गेला. मी सायकलवर राहिले. हल्ली सिग्नलला उभी राहिले की आजूबाजूला नुसत्या बंद काचा असतात आणि त्यांत माझंच तोंड दिसतं.

शुक्रवारी दुपारी तुझा नातू मला पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या कारखान्यात पूजेला न्यायला आला. माझं कोपर बांधलेलं. गाडीत बसल्यापासून त्याचा हात हॉर्नवर. पुढे चार माणसं सायकलवर, डबे लटकवून.

"हे लोक मध्येच येतात, आई."

"मध्ये नाही, पुढे आहेत. तुझ्या आधी निघालेत."

"तुला सगळ्यात भांडण दिसतं."

"तुला दिसत नाही, म्हणून तर म्हणते."

"सरी, आई, सरी. बरं, तुझंच खरं. पण आता बास झालं. रविवारी येऊन सायकल नेतो. वॉचमनला उपयोग होईल."

मी म्हटलं, माझा उपयोग संपला का? तर म्हणाला, "स्वल्प समजून घे ना गं. पडलीस तर बघणारं कोण आहे तिथे?" आणि पुन्हा हॉर्न वाजवला. कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध, त्याचाही कोहळा फुटलेला. मी उतरून चपलेने सगळा गर कडेला सारला. "आई, कामगार बघतायत," तो दबक्या आवाजात म्हणाला. बघू देत. तेच तर त्यावरून जाणार होते. त्यांच्यातला एक जण सायकल थांबवून मला मदत करू लागला, तेव्हा तुझा नातू आत निघून गेला. वाईट नाही गं तो. मला जपतो. इतकं जपतो की माझ्याशी भांडतसुद्धा नाही.

आता जे विचारायचं ते विचारते. डॉक्टरने तुला पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत दात घासत होते आणि तू खाली दारात चाकात हवा भरत होतीस. पंप मारायचीस, थांबायचीस, अंगठ्याने चाक दाबून बघायचीस, परत पंप. किती वेळ ते चाललं होतं. मी वरून हाकही मारली, तू वर पाहिलं नाहीस. मग एकदम पायडलवर पाय दिलास आणि गेलीस. मला त्या वेळी काही वाटलं नाही. पण आता सारखं आठवतं की चाक आदल्या संध्याकाळीच दुरुस्त होऊन, हवा भरून आलं होतं. तेव्हा सांग, हवा खरंच कमी होती, की तुला निघवत नव्हतं?

हे मला कळायला हवं, कारण सोमवारपासून मी सायकल हातात धरून बाजाराला जाते. घरापासून बसून निघते, कोणी बघत असलं तर घंटीही वाजवते, आणि गल्लीच्या तोंडाशी उतरते. मुलाला फोनवर सांगितलं, रोज चालवते, तू येऊच नकोस. तो म्हणाला, हट्टी आहेस. हट्ट असता तर बरं झालं असतं.

हे पत्र पेटीत टाकणार नाही, ओट्यावरच्या चहाच्या डब्याखाली ठेवते. तुझा नातू रविवारी सकाळी नऊला येईल. त्याच्याशी काय बोलायचं ते तुझ्या उत्तरावर आहे, म्हणून ते शनिवारच्या दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. एक ओळ पुरे. पण लेखी. स्वप्नात येऊन सांगितलेलं चालणार नाही.