कात्री तुमच्या हातात

प्रिय लोलो आजोबा,

शनिवारी निवडणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या सभेत मी सांगितलं की मतदारांना वाटण्यासाठी कार्बन पेपरचे तुकडे नेस्टर मामा कापतोय. ते चूक निघालं. काल तुमच्या पिठाच्या गिरणीत आले, तर कात्री तुमच्या हातात होती.

मी शाळेत जाऊ लागण्याआधीच, जेवणाच्या टेबलावर, तुम्ही मला शिकवलंत: मतपत्रिकेखाली कार्बन ठेवणाऱ्याचं मत विकलेलं असतं, तो बाहेर जाऊन पैसे देणाऱ्याला नक्कल दाखवतो. हुकूमशहाच्या काळात तुम्ही गिरणी बंद ठेवलीत आणि कामगारांच्या हातात हात गुंफून मतपेट्यांभोवती उभे राहिलात. मी त्या गोष्टीवर वाढले.

मला बघून तुम्ही दचकलाही नाहीत. म्हणालात, “ये गं सोली, दुसरी कात्री घे. नेस्टर निवडून येऊन वस्तीचा कप्तान झाला नाही, तर गिरणीला मिळणारा रस्ता गेलाच समज.”

“आणि कामगारांचं मत?”

“त्यांना मीच पोसतो ना? मोठी आली मला शिकवणारी!”

मी नेहमीसारखा, आशीर्वादासाठी, तुमचा हात कपाळाला लावून निघाले. सवयीनंच लावला, आणि त्याचा राग अजून जात नाही.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. तुम्ही लाल पेन्सिलीनं शुद्धलेखन सुधारून परत कराल. पण तक्रारीत मामाच्या आधी तुमचं नाव घालणार आहे. नीट तपासून, निवडणूक कचेरीत स्वतः नेऊन देईन, मतदानाच्या आधी, शुक्रवारी, २७ ऑक्टोबरला.

तुमची नात,
सोलेदाद