ओलं बोट

३ मार्च
पलंग क्रमांक चार. खिडकीशी! परवा गुडघ्याचं ऑपरेशन. फॉर्म भरताना सिस्टरांनी विचारलं, घरी कुणाला उलट्या-जुलाब? 'नाही' म्हणालो. आमची नात चिमणी परवा माझ्या मांडीवरच ओकली होती – पण लहान मुलांचं काय, संध्याकाळी ती पुन्हा उड्या मारत होती. हो म्हटलं असतं तर तारीख पुढे गेली असती. आठ महिने वाट पाहिलीय मी या तारखेची.

माझं शाळेतलं चौथीचं मराठीचं पुस्तक बरोबर आणलंय. सूनबाई पिशवी भरताना म्हणाली, "बाबा, दाढीचं सामान विसराल, हे नाही विसरायचात."

६ मार्च
ऑपरेशन झालं. पाय ओंडक्यासारखा.

शेजारी पाच नंबरला एक शिंपी आहेत. माझ्याच वयाचे, मांडीचं हाड मोडलेलं. मी पुस्तक उघडलं मात्र, म्हणाले, हे तर आम्हालाही होतं! गाव वेगळं, शाळा वेगळी, पुस्तक तेच. नदीची कविता दोघांनी मिळून म्हटली. एक ओळ त्यांची, एक माझी. शेवटचं कडवं मात्र दोघांनाही आठवेना. तेवढं पान माझ्या पुस्तकात फाटलंय.

वर्ग डोळ्यांपुढे आला. शाईचे डाग पडलेले बाक, खिडकीतून येणारं तिरपं ऊन.

७ मार्च
पुस्तक वॉर्डभर फिरतंय. आधी शिंपीदादा, मग दोन नंबर, मग सहा. पानं जुनी, एकमेकांना चिकटलेली. मी बोट जिभेला लावून उलटतो. आमचे गुरुजी तसेच उलटायचे – खडूने पांढरं झालेलं बोट, तेच जिभेला. शिंपीदादाही तसंच करतात. हसून म्हणाले, "सुईत ओवायला दोरा ओला करण्यातच आयुष्य गेलं. बोट आपसूक जातं तोंडाकडे."

९ मार्च
सकाळपासून पळापळ. दोन नंबर, सहा नंबर आणि शिंपीदादा – उलट्या, जुलाब. दारावर पाटी लागली, भेटायला येणं बंद. मी ठणठणीत!

जेवण वाढणाऱ्या मावशी परवा ओढणीने नाक पुसत होत्या. डॉक्टरांना सांगितलं. पाहिलं ते सांगायला काय हरकत?

१० मार्च
मावशींना तपासणी होईपर्यंत कामावरून थांबवलंय. रोजंदारीवर आहेत म्हणे, ते मला ठाऊक नव्हतं. जाताना माझ्यापाशी थांबल्या. "आजोबा, उशी वर सरकवू का?" एवढंच. मी हात लावू दिला नाही.

सगळ्यांचेच शौचाचे नमुने घेतले, माझाही. मला कशाला? साधी ढेकरसुद्धा नाही! शिवाय बाटलीतलं ते गार औषध मी तासातासाला हातावर चोळतो. सिस्टर म्हणाल्या, या विषाणूला ते फारसं लागू पडत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. आता या पायाने बेसिनपर्यंत कोण जाणार?

११ मार्च
शिंपीदादा निपचित. दोन्ही हातांना सलाईन. ओठ सुकून गेलेत. दुपारी डोळे उघडले, माझ्याकडे वळून म्हणाले, "आठवलं हो. शेवटी होडी परत येते."

शब्द विचारले.

"उद्या सांगतो."

१२ मार्च
शिंपीदादा गेले. गादी गुंडाळून ठेवलीय. खाली लोखंडी पट्ट्या दिसतात.

१४ मार्च
त्यांच्या उशाशी सापडलेलं पुस्तक सिस्टरांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलंय. मला लांबूनच दाखवलं. नदीच्या कवितेत खुणेला निळा दोरा घातलाय. टोक बाहेर लोंबतंय.

नुसतं बघत बसलो. बोट तोंडात होतं. केव्हा गेलं, कळलं नाही.

१५ मार्च
मावशींचा नमुना स्वच्छ निघाला. विषाणू माझ्यात सापडला. काही त्रास झाला नाही, तरी माणूस दिवसचे दिवस तो पसरवत राहतो, असं डॉक्टर शांतपणे सांगत होते. मी पाच नंबरकडे बघत होतो.

मावशींना बोलवा म्हणालो. माझं बोलणं मला त्यांच्यासमोर मागे घ्यायचंय.

मग सिस्टर माझा पहिला फॉर्म घेऊन आल्या. घरी कुणाला उलट्या-जुलाब होते का – पुन्हा विचारलं.

हो म्हणालो.