सहीची पारख

बाळा,

खेळाडूंच्या सह्या असलेल्या जुन्या बॅटी कशा ओळखाव्यात, यावरच्या बाबांच्या पुस्तकाचं तू मासिकात परीक्षण लिहिलंस. पुस्तकात छापलेल्या कितीतरी सह्या खोट्या आहेत, हे दाखवून दिलंस. बाबांनी भिंग घेऊन एकेक सही पुन्हा तपासली आणि म्हणाले, "पोरगा बरोबर आहे." त्यानंतर त्यांनी भिंगाला हात लावला नाही.

काल एक बाई सासऱ्यांची बॅट घेऊन आली. तशी बॅट बाबा आयुष्यभर शोधत होते. "मला यातलं कळत नाही, मुलाला दाखवा," म्हणत त्यांनी तिला तुझा पत्ता दिला. ती गेल्यावर बराच वेळ दारातच उभे होते. मग मला विचारलं, "खरी होती का गं?"

तू खरं तेच लिहिलंस, म्हणून हे पत्र पोस्टात टाकवत नाही.

तुझी,
आई