होमली लिहिलेला कागद

४ फेब्रु. २००७
नातीचा, वैशीचा, लग्नाचा बायोडाटा करायला झेरॉक्सवाल्याकडे गेले. सोबत माझा दत्तू. पोरीचा बाप, पण नुसती मान हलवतो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरात एक बायोडाटा तयारच असतो, नाव बदलून कागद काढतो. रंग गोरा लिहिलेलं. म्हटलं खोटं नको, सावळा लिही. पुढे होमली. हे काय? म्हणाला, इंग्लिश आहे आजी, चांगलं असतं, सगळ्या मुलींना घालतो. मग आमच्यात काय कमी? राहू दे म्हटलं. पाच कागद काढले.

७ फेब्रु.
वैशीने वळ गावच्या गोडाऊनमधून, कामावरून आल्यावर वाचला. आवड : शिवणकाम. खूप हसली. हिला बटण लावता येत नाही. होमलीपाशी मात्र थांबली. म्हणे, "आजी, म्हणजे घरात राहणारी. मी दिवसभर ट्रकचा माल कॉम्प्युटरवर चढवते, तो काय घरात?"
एका शब्दाने काय होतंय. शिवाय एक कागद कशेळीच्या स्थळाकडे गेलासुद्धा.

११ फेब्रु. रवि.
कशेळीवाले आले. मुलगा बरा. चहा सांडला तर स्वतः पुसला. वैशीने बघितलं ते. मीही बघितलं.
त्याची आई कागद मांडीवर घेऊन बसलेली. पोहे संपवून म्हणाली, "नोकरीचा प्रश्नच न्हाय. तुमीच लिवलंय, होमली हाय म्हणून."
वैशी माझ्याकडे बघत राहिली. दत्तूने मान हलवली. मी गप्प. याआधी कधी गप्प बसले, आठवत नाही.

१२ फेब्रु.
वैशी बोलत नाही माझ्याशी. डबा स्वतः भरून गेली. मुलगा तिला पसंत आहे, नोकरी सोडायची नाही. दोन्ही खरं.
शेजारच्या सुनेला विचारलं, होमली म्हणजे काय गं? म्हणाली, सासूला उलट न बोलणारी. जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो.
मी या घरात आले त्याच आठवड्यात सासूने डोक्यावर भाजीची पाटी दिली. भिवंडीच्या बाजारात ओरडून घसा बसायचा. मला कोणी होमली म्हटलं असतं तर पाटी त्याच्याच डोक्यात.
आणि नातीच्या कागदावर मीच राहू दिलं.

१८ फेब्रु. रवि.
दत्तूला घेऊन कशेळीला. ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली, कंबर गेली. मुलाच्या आईला म्हटलं, तो कागद आणा. आणला. दत्तूच्या खिशातलं पेन घेऊन होमली खोडलं, तिच्यासमोर.
"मग आमी आता काय समजायचं?"
"पोरगी कामाला जाते, जात राहणार. भाकर बरी करते, बटण लावता येत न्हाय. चूक माझी, तिची न्हाय."
मुलगा दारात उभा होता. हसला वाटतं, नक्की दिसलं नाही. त्याच्या आईने कागद फाडला नाही, परतही दिला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.
वाटेत दत्तू म्हणाला, घालवलंस.

२१ फेब्रु.
वैशी बोलायला लागली. फक्त कामापुरतं.

२३ फेब्रु.
सकाळी कशेळीच्या मुलाचा फोन. ड्युटी कितीला सुटते विचारलं. साडेसहाला, वैशी म्हणाली. मग बराच वेळ नुसतं हं, हं. फोन ठेवल्यावर विचारलं, आई काय म्हणते त्याची? तर म्हणाली, "अजून कागद बघतेय."
उरलेले चार खणात पडलेत. त्यांच्यावरचंही खोडू का, ते या वेळी वैशीलाच विचारायचं. ती अजून आली नाही. सात वाजून गेले.