साच्यावरची इन्स्पेक्टरीण

सोमवार, ४ ऑगस्ट
चिखलीच्या प्रेसशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झाले. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट काढायचे हा इथला धंदा. कामगारांची बोटं शाबूत ठेवायची हा माझा. शेठनी पेढा दिला, भिंतीवरचा सुरक्षेचा फलक दाखवला. फलकावरचा माणूस हेल्मेट घालून हसत होता. अख्ख्या शॉपमध्ये हेल्मेटवाला तेवढा एकच.
मागच्या भंगारात एक रानटी मांजरी आहे. कान फाटका, नजर सासूची. डब्यातला बोंबील टाकला, तर माझ्यावरच फिसकारली. आवडली मला.

शनिवार, ९ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत मोठ्या प्रेसचा साचा, म्हणजे डाय, कोमट असतो. बया तिथेच येऊन बसते, म्हणून घासही तिथेच ठेवते. नाव इन्स्पेक्टरीण, सरकारी इन्स्पेक्टरपेक्षा नियमित येते. इथले सगळ्यात जुने ऑपरेटर चिमाजी म्हणाले, मॅडम, डायवर घास ठिवू नगा, जित्राबाला सवय लागती. मी म्हटलं, तुम्हाला तंबाखूची लागली, ती चालते?

बुधवार, १३ ऑगस्ट
साच्यात काही शिरलं की सेन्सर प्रेस थांबवतो. इन्स्पेक्टरीण दिवसभर उड्या मारते, प्रेस थांबतो, टार्गेट बोंबलतं. शेठ म्हणाले, मांजर पोत्यात घालून लांब मारुंजीला सोडा, नाहीतर सेन्सर बंद करा. आजच ती पहिल्यांदा माझ्या मांडीवर झोपली होती.
ऑपरेटर धनेश म्हणाला, टेन्शन नका घेऊ मॅडम, आली की हाकलतो ना मी. सेन्सरची वायर त्यानेच काढली. मी तेवढा वेळ फलकाकडे बघत होते.

सोमवार, १८ ऑगस्ट
तिला साच्यावरून हाकलायला धनेशने हात घातला. पाय प्रेस चालवायच्या पॅडलवरच राहिला. ती निसटली. त्याची चार बोटं —
आवाज काकडी मोडावी तेवढाच.
दवाखान्यातून फोन आला, बोटं बर्फात घालून आणा, जोडता येतील. आम्ही सगळे शोधत होतो. ती प्रेसखाली बसून खात होती. नखं तेवढी सोलून बाजूला टाकली होती.

मंगळवार, १९ ऑगस्ट
तिने आज बोंबील हुंगलासुद्धा नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात बघत बसते.
धनेशची आई तानुबाई आल्या. म्हणाल्या, बोटं तरी द्या बाई, मातीला लावते. मी भरपाईचा फॉर्म पुढे केला.

बुधवार, २० ऑगस्ट
चिमाजी तिला मारायला सळई घेऊन गेले. तिने त्यांचा गळा धरला. चौघांनी ओढलं तरी दात निघेनात. भिंतीपर्यंत रक्त. तशातही ते मला म्हणत होते, शेन्सर लावा... पोरी... शेन्सर —
गेले.
शेठ म्हणाले, भटकं कुत्रं होतं असं लिहा.

गुरुवार, २१ ऑगस्ट
सुट्टी. शॉप रिकामं. उद्या त्या प्रेसवर प्रज्वल बसणार, नवा आहे. त्याच्याआधी सेन्सर लावायचाच म्हणून आले. वायर जोडली, प्रेस चालवून बघितला. थांबत नव्हता. सेन्सरची काच मळलेली असेल. मेन स्विच बंद केला, पुसायला हात आत घातला. प्रेसचं जड चाक फिरतच होतं, तेवढ्यावरही एक दाब बसतो. ते थांबेपर्यंत हात घालू नये, हे ट्रेनिंगमध्ये मीच सांगते.
ती पॅडलवर उडी मारून बसली.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा साच्यावर आहे. ओढणी आवळून बांधलीय. फोनवर ॲम्ब्युलन्स निघाली म्हणतात, ट्रॅफिक आहे म्हणतात. अपघाताची नोंद ताबडतोब करावी — नियम माझाच —

ती टेबलावर आलीय. साच्यावरच्या हाताला तोंडही लावलं नाही. ताजं हवंय. मी लिहितेय ते बघतेय. पेन नाही, पेन धरलेला —
बोटं ह