मधल्यानं फोडायचं नाही

॥ श्री वैद्यनाथ ॥

परळी, ९ नोव्हेंबर १९९८

चि. शिवानीस शिवगंगा आत्याचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मी बरी नाही, डोकं तापलंय. फोनच करणार होते, पण तो तुझ्या बापाच्या दुकानात, आणि तिथं गिऱ्हाईकसुद्धा कान देऊन बसतं.

काल तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची, केदारनाथची आई धर्मापुरीहून दर्शनाला आली होती. जाताना घरी टेकली. म्हणाली, पोरीनं नोकरी सोडायचं कबूल केलं हे लई चांगलं झालं, वरीसभर माझ्यापाशी राहील, मग खुशाल पुण्यात नांदंल. माझी बशी हातातच राहिली. तुझी आई पदर नीट करत बसली, वर बघेना.

खरं सांग, तू सोडतेयस? त्या नोकरीसाठी मी तुझ्या बापाशी, सिद्धेश्वरशी भांडून तुला पुण्याला पाठवलं. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला शिकवलं होतं की खोटं बोलायचंच असेल तर निदान स्वतःच्या तोंडानं बोलावं. इथं तुझ्या नावानं कोण बोलतंय? ३० तारखेला, सोमवारी, सुपारी फुटणार. एकदा फुटली की बोलून उपयोग नाही.

उलट टपाली लिही. लोभ आहेच, आज जरा तिखट आहे.

तुझी
शिवगंगाआत्या

पुणे, १३ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास शिवानीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी नोकरी सोडणार नाही. दिवाळीत आईला स्वच्छ सांगितलं होतं की नोकरी ठेवूनच लग्न करीन, त्यांना हे कबूल असेल तरच पुढं जा.

मी ऑफिसात नक्की काय करते, असं तू नेहमी विचारतेस. आता सांगते, कारण तेच आपल्या घरात बिघडलंय. बँकेच्या शाखांमधले कॉम्प्युटर एकमेकांशी जोडायचे, हे माझं काम. दोन कॉम्प्युटर थेट बोलत नाहीत, प्रत्येकात कामाचे थर असतात. सगळ्यात वर मजकूर. त्याखालचा थर मजकुराचे तुकडे करून त्यांवर क्रमांक घालतो. त्याखालचा पत्ता घालून वाट शोधतो. सगळ्यात खालच्याला फक्त तार ठाऊक. जो तो वरून आलेलं आपल्या पाकिटात घालून खाली देतो. पलीकडे त्याच्याच जोडीचा थर ते पाकीट उघडून आतलं वर सरकवतो. पत्ता बघणाऱ्यानं मजकूर वाचायचा नाही, तारेनं पत्ता बघायचा नाही. म्हणूनच उद्या तार बदलली तरी मजकूर तोच राहतो. शिवाय क्रमांक घालणारा पलीकडून पोच मागतो. ती आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवतो.

आपल्याकडेही तसंच. लग्नाचं मुलीनं बापाशी बोलायचं नाही. मी आईशी, आई बाबांशी, बाबा स्थळ आणणाऱ्या राधाकिशनकाकांशी. पलीकडे काका केदारनाथच्या वडिलांशी, वडील आईशी, आई त्याच्याशी. रीत चालली असती. पण मध्ये कुणीतरी पाकीट फोडून मजकूर बदलला, आणि पोच तर कुणीच मागितली नाही.

हसू नकोस, केदारनाथ माझ्या ऑफिसपासून दोन बसथांब्यांवर राहतो. मी उद्या जाऊन सांगू शकते. पण मग धर्मापुरीत बाबांचा शब्द खोटा पडेल. ते बाबांनीच सांगायला हवं. मला फार भीती वाटते, आत्या.

सर्वांस नमस्कार. माझ्यावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.

तुझी
शिवानी

परळी, १८ नोव्हेंबर

चि. शिवानीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. ही घे पोच.

एकेकाला उभं करून विचारलं. तुझी आई म्हणते, मी ह्यांना एवढंच म्हणलं की पोरीला नोकरीची आवड हाय, अट कुठल्या तोंडानं सांगू? तुझ्या बापानं राधाकिशनला सांगितलं, नोकरी करते, पण आमच्या शब्दाबाहेर न्हाई. राधाकिशन धर्मापुरीत म्हणाला, तुमी म्हणाल तर सोडंल की. आणि केदारनाथच्या आईनं ऐकलं, सोडली. कुणी खोटं बोललं नाही. ज्यानं त्यानं चमचाभर साखर घातली, आता चहा कुठाय, नुसता पाक!

मग दुकानात गेले. सिद्धेश्वर म्हणाला, आक्का, गिऱ्हाइकासमोर नगं. रस्त्यावर वीज केंद्राच्या राखेचे ट्रक चालले होते, तिथंच ऐकवलं की पोरीनं शब्द तुला वाहायला दिला होता, चाखायला नाही. तो म्हणाला, अट घातली आन् स्थळ गेलं, तर पोरगी घरात ठेवली कावून, हे लोक मला इचारतील. मी म्हणाले, लोकांना माझ्याकडं धाड.

तेव्हापासून तो कुणाशीच बोलत नाही. काल ताटावरून उठला. राधाकिशन सुपारीचं विचारून जातो, त्याला हो नाही की ना नाही. मी जास्त बोलले असेन, चुकीचं बोलले नाही. तरी जीव टांगणीला लागलाय.

जेवत जा. माया आहे म्हणून रागावते, हे तुला सांगायला नको.

तुझी
आत्या

परळी, २० नोव्हेंबर

चि. शिवानीस आशीर्वाद.

आजवर तुला पत्र लिहिलं न्हाई. आईच लिहायची, मी खाली सही करायचो. म्हणून काय लिहावं ते सुचंना.

तू काय म्हणलीस ते मला तुझ्या आईकडून कळलं, आक्काकडून कळलं. तुझ्याकडून कळलं न्हाई. मी कधी इचारलंच न्हाई. आता इचारतो. नोकरी ठेवायची का सोडायची? मनात असंल तेच लिही. मला काय वाटंल ते बघू नको.

राधाकिशनला थांबवलंय. तुझं उत्तर आलं की मीच धर्मापुरीला जातो. पावण्यासमोर बसून जसंच्या तसं वाचून दाखवतो. स्थळ राहू दे न्हाईतर जाऊ दे.

तब्येत सांभाळ.

तुझा
बाबा