वजनाच्या पावतीतली शेवटची ओळ

प्रिय भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुम्ही, जाऊबाई आणि पोरं बरी असाल असं धरून चालते. (फोनवर तुम्ही 'बरंय' म्हणता, पण तसं तुमचे भाऊही म्हणायचे, म्हणून मुद्दाम विचारते.) प्रेशरची गोळी चुकवू नका. माझं ठीक आहे. रडूनबिडून झालं, आता ट्रकांचा वजनकाटा मीच बघते.

पत्राला कारण काट्याची पावती. प्रोग्राम ह्यांनी स्वतः लिहिलेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ट्रक काट्यावर चढला की छापील पावतीवर गाडी नंबर, ड्रायव्हर, माल, वजन, सगळं आपापल्या चौकटीत पडायचं. हे गेले आणि पाठोपाठ आपल्या पावत्या छापणाऱ्या प्रेसनंही गाशा गुंडाळला. नव्या प्रेसवाल्यानं पावती 'सुटसुटीत' करून दिली, म्हणजे चौकटी सगळ्या हलवल्या. आता हे प्रोग्रामला कोण सांगणार? पहिल्याच ट्रकला मालाच्या चौकटीत ड्रायव्हरचं नाव, आणि ड्रायव्हरच्या जागी सिमेंट. आपला तो मिशीवाला ड्रायव्हर पावती वाचून म्हणाला, "वहिनी, मी माल झालो ते ठीक, पण सिमेंटकडे लायसन आहे का?" कित्येक दिवसांनी मी खळखळून हसले, आणि 'अहो, ऐकलंत का' म्हणत आत वळले. खुर्ची रिकामी.

मग कॉम्प्युटरवाला आणला. त्यानं चहा घेतला, पडद्याकडे बघून मान हलवली आणि सोर्स कोड मागितला. मी म्हटलं, शोधते. (तो दिसतो कसा, हे विचारायची लाज वाटली.) कपाटं उपसली, तर ह्यांचे मफलर आणि बंद पडलेली घड्याळं निघाली. शेवटी त्यानंच समजावलं, की प्रोग्राम मुळात ज्यात लिहितात तो मजकूर म्हणजे सोर्स कोड. तो नसेल तर काही हलत नाही, नवा प्रोग्राम घ्या. तो मजकूर मागे ह्यांचा जुना कॉम्प्युटर जळाला, त्याबरोबरच गेला होता. पण नवा घ्यायचा म्हणजे ह्यांचा पुसायचा. माझा हात होईना.

आधी प्रिंटरमध्ये कागदच सरकवून पाहिला. वजन जागेवर आलं, पण गाडी नंबर पावती सोडून थेट रोलरवर छापला गेला. मग प्रोग्रामबरोबरच्या एकेक फाइली उघडत बसले (आधी सगळ्यांची नक्कल करून, एवढी अक्कल ह्यांनी शिकवली होती). एकीत नुसते शब्द आणि आकडे होते: माल, ओळ इतकी, रकाना इतका. आकडा बदलला, पावती छापली, आणि सिमेंट दोन बोटं उजवीकडे सरकलं! सोर्स कोडबिड काही लागला नाही. बाहेर ट्रकवाले हॉर्न मारून कान किटवताहेत, आणि मी पट्टीनं मोजून एकेक शब्द त्याच्या घरी पोचवतेय, असा सगळा थाट. जमलं, भाऊजी.

राहिली ती सगळ्यात खालची ओळ: 'वजन घेणार', आणि पुढे ह्यांचं नाव. नव्या पावतीत तिला चौकटच नाही, नुसत्या कोऱ्या जागेत उमटते. सिमेंटच्या गाड्या पाठवणाऱ्या कारखान्याचे अकाउंटंट पावती घेऊन आले. "बाई, वारलेल्या माणसानं घेतलेलं वजन मी ऑडिटला कसं दाखवू? नाव काढा, नाहीतर आमच्या गाड्या दुसऱ्या काट्यावर जातील." त्यांचं काही चुकलं नाही. मी सांगितलं, सोर्स कोड नाही, निघत नाही. खाली माझी सही करत जाईन. तूर्त चालवून घेतलंय.

जाऊबाईंना सांगा, लोणच्याची बरणी परत द्यायची घाई नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. ती ओळ त्याच फाइलीत आहे. पुसली की जाते. एकदा पुसून छापून पाहिली. पावती फार स्वच्छ दिसत होती. परत घातली. तुम्ही कॉम्प्युटरमधले, म्हणून अकाउंटंट तुम्हाला फोन करतील. जमत नाही म्हणून सांगा. निदान काही दिवस.

आणखी एक. आज एक नवा ड्रायव्हर पावती वाचून म्हणाला, "हे साहेब कुठे आहेत? त्यांना भेटायचं होतं." माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवायला गेलेत." तो बाकावर बसून राहिला, आणि त्याला जा म्हणायला माझी जीभ काही उचलेना.